चैतीबायला ‘मीठ खा’ म्हणायला

डहाणूला लोक समुद्र बघायला जातात, चिकू आणायला जातात, महालक्ष्मीच्या जत्रेला जातात. मी गेले ती एका बाईला ‘आता मीठ खा’ असं सांगायला. आमच्या गल्लीत हे कळलं तेव्हा शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. मी जेवणाचे डबे करून देणारी बाई. मिठावरून माझं रोज कुणाशी ना कुणाशी वाजतं, आणि आता त्याच मिठासाठी परगावी निघाले म्हणजे हद्दच झाली.

माझा धाकटा भाऊ विनायक, आमचा विनू, पाण्याचे पंप विकायचा आणि दुरुस्तही करायचा. डहाणू आणि तलासरी हा त्याचा फिरतीचा भाग. लग्नाच्या भानगडीत तो पडला नाही. २०१६ मध्ये त्याला आतड्याचा कॅन्सर निघाला आणि तो नाशिकला माझ्याकडे राहायला आला. दवाखान्यात सलाइनमधून औषध, घरी गोळ्या, असं चक्र सुरू झालं. मधल्या बऱ्या दिवसांत तो ‘जुन्या गिऱ्हाइकांना भेटून येतो’ म्हणून डहाणूला जायचा. माणूस घरात बसून कुढत नाही म्हणून मलाही बरं वाटायचं. त्याच सुमाराला त्याने मीठ सोडलं. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी सांगितलंय म्हणाला. मी त्याची आमटी वेगळी, अळणी करत राहिले आणि रोज कुरकुरत राहिले.

खरं काय ते अगदी शेवटी कळलं. त्याचे डोळे पिवळे झाले, यकृत बसत चाललं, रक्तातलं मीठ उतरलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला सरळ विचारलं, “आणखी काय घेता?” तेव्हा तो बोलला. रानशेतला चैतीबाय म्हणून एक बाई आहे, ती गाठीवर पाला देते. तिची अट अशी की दवाखान्याचं औषध बंद करायचं. दवाखान्याची अट अशी की बाहेरचं काही घ्यायचं नाही. विनूने दोघींनाही ‘बंद केलं’ म्हणून सांगितलं आणि दोन्ही घेत राहिला. जन्मभर दोन्ही डगरींवर हात ठेवून जगला तो. मध्यंतरी एका तपासणीत गाठी लहान झालेल्या दिसल्या होत्या. तेव्हा डॉक्टरीणबाई आपल्या औषधावर खूश झाल्या आणि तिकडे चैतीबाय आपल्या पाल्यावर. दोघींनाही एकमेकींचा पत्ता नव्हता.

डॉक्टरीणबाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “आधी कळलं असतं तर मी डोस बदलला असता. ताई, झाडाचं आहे म्हणून बाधत नाही असं नसतं. दारातल्या सदाफुलीतून काढलेलं औषध आम्ही इथे शिरेतून देतो, आणि देताना आमचाही जीव मुठीत असतो. पाल्याचा अर्क आणि आमचं औषध एकत्र करून तपासणारे लोक आहेत. कधी औषधाचा जोर वाढतो, कधी मोडतो. पण ते सगळं काचेच्या बशीतल्या पेशींवर. बशीला यकृत नसतं.” मग मला समजेल असं त्या म्हणाल्या, “दोन घरांचं सांडपाणी एकाच मोरीत सोडलं तर कुणामुळे तुंबली ते कसं सांगणार?”

मला एवढंच हवं होतं की कुणीतरी एकाचं नाव घ्यावं, म्हणजे मला त्याच्यावर चिडता येईल.

विनूने जाण्याआधी एकच काम सांगितलं. चैतीबायची रीत म्हणे अशी, की गाठीचं औषध एका वेळी एकालाच द्यायचं, आणि घेणाऱ्याने मीठ सोडलं की देणारीनेही सोडायचं. तो बरा झाला की स्वतःच्या हाताने तिला मीठ देतो, मग ती खाते. “ताई, ती बाई माझ्यासाठी अळणी खातेय. तिला जाऊन सांग, मीठ खा म्हणावं. निरोप नको धाडूस, तू स्वतः जा.” दिवाळी उलटली आणि तो गेला.

जायचं म्हणता म्हणता माघ उजाडला. खरं सांगायचं तर मला त्या बाईचं तोंड बघायचं नव्हतं. मनातल्या मनात मी तिच्याशी कितीतरी वेळा भांडले होते. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. मी सांगितलं की ती मोकळी होणार आणि पुढच्या माणसाला तोच पाला देणार. त्याच्याही खिशात दवाखान्याच्या गोळ्या असल्या तर? डॉक्टरीणबाईंनीही निघताना बजावलं होतं, “तिला एवढंच सांगा, आमचं औषध चालू असेल त्याला देऊ नकोस. आणि पाला मिळाला तर थोडा आणा.” म्हणजे मला तिला अळणीतून सोडवायचं होतं आणि पाला देणारा तिचा हातही धरायचा होता. आणि माझा स्वतःचा एक प्रश्न होता, तो मी कुणाला सांगितला नव्हता.

कासा

नाशिकहून डहाणूची एसटी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत घाट उतरते. जव्हारपर्यंत शाल लपेटून बसले होते, खाली आल्यावर ती घडी करून पिशवीत टाकली. हवा एकदम ओलसर आणि उबदार झाली. साग झडून गेले होते, आणि मधूनच पांगाऱ्याची लाल फुलं अशी लखलखत होती की त्यांच्यावरही मला राग आला.

एसटी रानशेतला थांबत नाही, म्हणून कासाला उतरले. बाजाराचा दिवस नव्हता तरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना विक्री मांडलेली. आमच्या नाशिकच्या बाजारात बाया ओरडून माल विकतात. इथल्या गप्प बसतात. वालाच्या शेंगा, करांदे, सुकट पुढ्यात घेऊन बसायचं, गिऱ्हाईक आलं तर आलं. मी भाव केला तर एकीने माझ्याकडे असं बघितलं की मीच वरमले.

ग्रामीण रुग्णालयाबाहेर जीपची वाट बघत उभी राहिले. फाटकातून माणसं एक्स-रेची मोठी पाकिटं काखेत मारून बाहेर येत होती. फाटकाच्या अलीकडेच एक म्हातारी मुळ्या आणि साली घेऊन बसली होती. एक गृहस्थ बाहेर आले, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सदऱ्याच्या खिशात ठेवल्या आणि त्याच पावली म्हातारीपुढे उकिडवे बसले. तिने त्यांना काहीतरी पानात बांधून दिलं. तेही त्याच खिशात गेलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ओळख ना देख, काय सांगणार? शिवाय ते गृहस्थ आता इतके निश्चिंत दिसत होते की मी जीपकडे वळले.

रानशेत

डहाणूकडे जाणाऱ्या जीपमध्ये मला ड्रायव्हरशेजारी बसवलं, म्हणजे अर्धी सीटवर आणि अर्धी गिअरवर. रानशेतला उतरताना चपलेचा अंगठा तुटला. मग एक पाय घासत, धुळीतून, विचारत विचारत पाड्यावर पोचले.

चैतीबायच्या झोपडीला कुडाचं दार ओढून वर काथ्या बांधलेला. शेजारच्या अंगणात एक बाई वाल सोलत होती.

“कोन पायजे?” तिने विचारलं. इथे लहानमोठ्या सगळ्यांशी एकेरीच बोलतात. पहिल्यांदा कानाला खटकतं, मग बरं वाटायला लागतं.

“चैतीबाय.”

“नाय ती. पोरीकडं गेली, तलासरीला. पोर बाळात झाली तिची. तू औषधाला आलीस?”

“नाही.”

“बरं झालं. गाठीचं देत नाय ती आता. एक चालू हाय तिचा. नाशकाचा.”

“तो माझा भाऊ,” मी म्हणाले.

बाईच्या हातातली शेंग खाली पडली. उठून माझ्यापुढे आली आणि दोन्ही हातांनी माझा दंड धरला. “तू बहीण? मीठ घेऊन आलीस?”

“हो,” मी म्हणाले, “मिठाचंच सांगायला आलेय.” पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण ते मला चैतीबायलाच सांगायचं होतं. तिच्याआधी शेजारणीला कसं सांगू, असा विचार करत मी थांबले. तेवढ्यात बाई घरात गेलीसुद्धा. सुनेला हाक मारली, हसली, तांब्यातून पाणी आणलं. मग सोललेले वाल माझ्या पिशवीत ओतले. मी नको नको म्हणतेय तर ऐकेचना. सुनेने माझी चप्पल घेतली आणि तारेच्या तुकड्याने अंगठा पक्का बसवून दिला.

मला वाटलं, पाहुणीचं स्वागत करायची इथली पद्धतच अशी गोड असेल. मनात आलं, आपल्याकडे कुणी अनोळखी दारात आलं तर आपण आधी साखळी लावून विचारतो. त्या आनंदाचं खरं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं.

डहाणू

मुक्काम हेमंतभाऊंकडे केला. त्यांची समुद्राच्या बाजूला चिकूची वाडी आहे. विनूने त्यांना पंप बसवून दिला होता, तेव्हापासूनची ओळख. चैतीबायकडे विनूला पहिल्यांदा त्यांनीच नेलं. त्यांना बघितल्यावर भांडावं असं मनात होतं. पण ते मला बघून रडायलाच लागले, मग मी काय भांडणार?

संध्याकाळी वाडीत फिरवलं. चिकूची झाडं एवढी दाट की खाली ऊन पोचत नाही. बाया काठीला जाळी लावलेल्या झेल्याने चिकू उतरवत होत्या, आणि देठातून पांढरा चीक गळत होता. पलीकडे झाडांच्या शेंड्यावरून वीजकेंद्राची उंच चिमणी दिसत होती. त्यांच्या बायकोने, सुलभावहिनींनी, उकडहंडी केली होती. कोनफळ, करांदे, वालपापडी, रताळी, सगळं एकाच हंडीत दडपून वाफवायचं. गुजरातच्या उंधियूची ही सख्खी बहीण, पण तेल कमी आणि ओव्याचा वास जास्त. चव अशी की मी धंद्याच्या सवयीने आत काय काय आहे ते ओळखायला लागले, आणि मग एकदम आठवलं, विनू ही हंडी इथे बसून अळणी खात असेल. मी हात आखडला. वहिनींनी ओळखलं. म्हणाल्या, “त्यांची मी वेगळी काढायचे मीठ घालायच्या आधी. म्हणायचे, ताईच्या हाताला पण सवय लावलीय आता.”

हेमंतभाऊ म्हणाले, “आमच्या आईच्या मानेला गाठ होती. चैतीबायच्या पाल्याने बसली. आई स्वतः जाऊन मीठ देऊन आली.”

“ती गाठ तपासली होती का? कॅन्सरची होती?”

“तपासायची कशाला? बसली ना.”

कॅन्सरची नसेलही. असेलही. त्यांच्या आई पलीकडे झोपाळ्यावर बसून लसूण सोलत होत्या, चांगल्या ठणठणीत. विनू याच झोपाळ्यावर बसून त्यांच्याकडे बघत असणार आणि मनात गणित मांडत असणार. मी त्याच्या जागी असते तर मीही दोन्ही औषधं घेतली असती, हे मला तिथे पहिल्यांदा वाटलं.

“तुम्ही चैतीबायला का नाही सांगितलं, विनू गेल्याचं?” मी विचारलं.

“दोनदा निघालो होतो. जमलं नाही ताई. असली बातमी घेऊन तिच्या दारात कुणी जात नाही.”

अच्छाड

सकाळी चारोटीला येऊन हायवेवरून तलासरीची जीप धरली. तलासरीला उतरायचं होतं. पण मला डुलकी लागली, आणि जाग आली ती थेट अच्छाडला, गुजरातच्या सीमेवर. ड्रायव्हर म्हणाला, “बेन, बूम तो पाडी हती. एवढी हाक मारली, तुम्ही उठल्याच नाय.” त्याचं अर्धं वाक्य गुजराती, अर्धं मराठी, आणि चूक पूर्ण माझी.

ट्रकांची ही रांग. धूळ, डिझेलचा वास, टायरवाले, पानवाले. एका धाब्यावर बसून ताक मागितलं. धाबेवाल्याने त्यात भरपूर मीठ आणि जिरं टाकून दिलं. पिताना बरं वाटलं आणि लगेच अपराध्यासारखंही वाटलं, कारण जिला भेटायला निघाले ती बाई इथून जेमतेम अर्ध्या तासावर अळणी बसली होती.

तिथे बसून मी काय बोलायचं ते ठरवलं. आधी विनू गेल्याचं सांगायचं. मग मीठ. मग दवाखान्याचा निरोप. आणि माझा तो प्रश्न, ‘तुझ्या पाल्याने माझा भाऊ गेला का?’, तो विचारायचा की नाही, हे मात्र ताक संपलं तरी ठरेना.

तलासरीजवळचा पाडा

परत तलासरीला येऊन, शेजारणीने सांगितलेल्या पाड्याकडे रिक्षाने आत गेले. ताडाच्या झाडांच्या खालून पायवाट जाते. पाडा अजून दूर होता तेवढ्यात पोरं पळत आली आणि “आली, आली” ओरडत पुढे पळाली.

अंगणात माणसं जमली होती. चूल पेटलेली, मोठं पातेलं चढलेलं. कोंबडीच्या रश्शाचा वास मला लांबूनच ओळखू आला. नवी सारवलेली जमीन. दारातच बाळ मांडीवर घेऊन एक तरुण मुलगी बसली होती. ती चैतीबायची मुलगी सुनी. मला बघून ती म्हणाली, “काल रानशेतवरून फोन आला व्हता. नाशकाचा बरा झाला, बहीण मीठ घेऊन येते. बरं झालं बाय. माझ्या पोराच्या पाचवीला समद्यांनी खाल्लं नि आय अळणी बसली. आज जेवेल.”

मिठाचं सांगायला येणारा माणूस म्हणजे बरा झालेला, एवढंच या लोकांना माहीत होतं. रानशेतच्या शेजारणीने दुसरं काही विचारलंच नव्हतं, आणि माझ्या तोंडून निघालेलं ‘हो’ माझ्याआधी इथे पोचलं होतं.

चैतीबाय घरातून बाहेर आली. मी डोळ्यांपुढे काहीतरी उग्र बाई आणली होती. ही किरकोळ, माझ्याच वयाची, गुडघ्यावर लुगडं, केस ओले. माझ्यासाठी अंघोळ करून बसली होती. तिने माझ्या मागे वाटेकडे बघितलं.

“तो कुठं हाय? त्याच्याच हातानं देयाचं असतं.”

“तो नाही आला,” मी म्हणाले. “तो गेला, चैतीबाय. दिवाळी झाल्यावर गेला. त्याने मला सांगून ठेवलं होतं, तिला मीठ खा म्हणावं.”

कुणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं. माणसं एकेक करून उठली आणि बोलता बोलता पांगली. चैतीबाय मला म्हणाली, “सावलीत बस. ऊन हाय.” तिने स्वतः पाणी आणून दिलं. मग माझ्यासमोर भुईवर बसली आणि विचारलं, “कशानं गेला?”

“यकृत गेलं. कावीळ झाली.”

“माझ्या पाल्यानं?”

मी जो प्रश्न विचारायचा की नाही म्हणून घोळवत बसले होते, तो तिनेच विचारला. आणि तिच्या तोंडून ऐकल्यावर मला तो तिला विचारायचा नव्हता, हे कळलं. मी तिला सगळं सांगितलं. दवाखान्याचं औषध त्याने एक दिवसही सोडलं नव्हतं. तुला खोटं सांगितलं, त्यांनाही खोटं सांगितलं. आजाराने गेला, औषधाने गेला, पाल्याने गेला, की दोन्ही एकत्र पडल्याने, ते कुणालाच सांगता येत नाही.

तिने जमिनीवर बोटाने रेघ ओढली. “मी एकट्या पाल्याचा अंदाज धरून देत व्हते. पोटात दुसरं हाय हे ठावं असतं तर दिलं नसतं.”

“म्हणूनच सांगितलं नसेल त्याने.”

“हां. म्हणूनच.” मग म्हणाली, “लई हसायचा. माझा हापसा दुरुस्त करून दिलान त्यानं.” आणि पदराने डोळे पुसले. मीही रडले. नाशिकला मी धड रडले नव्हते. लोक येत होते, डबे चालू होते, कुणीतरी सतत काहीतरी विचारत होतं. इथे, ज्या बाईशी भांडायला आले होते, तिच्यासमोर मोकळी झाले.

मी दवाखान्याचा निरोप सांगितला. जो कुणी येईल त्याला विचार, गोळ्या चालू असतील तर पाला देऊ नको. तिने मान हलवली. “इचारते मी. समद्यांना इचारते. खोटं बोलतात.” मग घरात जाऊन ओली पानं एका फडक्यात बांधून आणली. “ही ने तुझ्या डॉक्टरणीला. बघू दे तिला.” मला वाटलं होतं ती लपवेल, झाडाचं नाव सांगणार नाही. नाव तिने सांगितलं, पण ते नाव त्यांच्या पाड्यापुरतंच होतं.

सुनीने ताट वाढून आणलं. तांदळाची भाकरी, रस्सा, भात. सगळं अळणी शिजवलेलं, मीठ वेगळं पानावर. “आये, आता तरी जेव. त्यानं सांगून धाडलंय ना.”

मी खड्याचं मीठ उचललं आणि चैतीबायच्या हातावर ठेवलं. तिने ते भातावर टाकलं, कालवलं आणि एक घास खाल्ला. चावताना डोळे मिटले. इतक्या महिन्यांनी मिठाची चव लागली की माणसाचा चेहरा कसा होतो ते मी बघितलं. जन्मभर लोकांना जेवू घातलं, पण असं खाताना कुणाला पाहिलं नव्हतं.

दुसरा घास उचलला आणि ती थांबली.

“तू कशी आलीस? मेलेल्याचं सांगाया कोन येत नाय.”

“मग तुला कळतं कसं, कोण गेलं ते?”

“जो येत नाय तो बरा झाला.” तिने अगदी सहज सांगितलं. “होळीपातुर वाट बघायची. नाय आला तर बरा होऊन इसरला म्हणायचं, होळीला नारळ देयाचा नि मीठ खायाचं. बरा झालेला माणूस इसरतोच.” असं म्हणून ती थोडी हसलीसुद्धा.

मी आले नसते तर होळीला विनूही तिच्या बऱ्या झालेल्यांत गेला असता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचं हसू हळूहळू उतरलं. उचललेला घास ताटात परत गेला.

“मनोरचा एक मास्तर व्हता,” ती म्हणाली. “पोटात गाठ. तो नाय आला.”

“आये, जेव,” सुनी म्हणाली.

“वापीची बाय, छातीला गाठ. उतरली व्हती, मी हातानं बघितली. ती पन नाय आली. डहाणूचा तो खारवी, होडीवाला. त्याची बायको येयाची रडत.” मग मला विचारलं, “तुझ्या डॉक्टरणीला कळतं, कोन जगला नि कोन मेला?”

“कळतं. ते लोक फोन करून विचारतात घरी.”

“मग तिला इचार. मास्तराचं इचार. त्या बायचं इचार.”

मी ‘विचारते’ म्हणाले. ती आठवून आठवून एकेक सांगत गेली आणि मी प्रत्येकाला ‘विचारते’ म्हणत गेले. नाशिकच्या दवाखान्याला मनोरचा मास्तर कुठून माहीत असणार? चैतीबायलाही त्यातल्या एकाचं नाव ठाऊक नव्हतं. गाव आणि गाठ, एवढंच तिला आठवत होतं.

शेवटी तिने ताट सरकवलं. पानावरचं मीठ सुनीच्या हातात दिलं.

“उचल हे. त्यांचं कळेस्तोवर राहू दे.”

जाणार असाल तर

पानांचं गाठोडं डॉक्टरीणबाईंना दिलं. त्यांनी ते एका महाविद्यालयात पाठवलं. तिथून उत्तर आलं की नुसत्या पानावरून खात्री देता येत नाही, फुलासकट फांदी आणा. फूल पावसाळ्यात येतं म्हणे. मी पुन्हा जाईन की नाही, मला सांगता येत नाही. मी तिला मीठ खायला सांगायला गेले आणि तिला पुन्हा अळणी बसवून आले. आता होळीला नुसता नारळ देऊन ती मीठ खाणार नाही.

पण हे लिहिलंय ते फक्त डहाणू न पाहिलेल्यांसाठी नाही. मनोरचे मास्तर, वापीच्या बाई, आणि आणखी जे कुणी रानशेतहून गाठीवरचा पाला घेऊन गेलात, तुमच्यासाठीही लिहिलंय. वाट सोपी आहे. मुंबईकडून याल तर चारोटी नाक्याला उतरा, नाशिककडून याल तर कासाला. डहाणूची जीप रानशेतला सोडते. चैतीबायचं घर कुणीही दाखवेल; ती अजून पोरीकडे असली तर शेजारीण तलासरीची वाट सांगेल. सोबत दवाखान्याचं औषध घेत होता का, ते तिला खरं सांगा, ती रागावत नाही. बरोबर काही नेऊ नका, मीठ तिच्याकडे आहे. ते उचलून तिच्या हातावर ठेवायचं, एवढंच काम.

जे गेले त्यांच्या घरच्यांनी जावं की नाही, ते मला सांगता येत नाही. पण तुम्ही जिवंत असाल तर होळीच्या आत जा.